यॉनच्या काठाने, लाकडाच्या उलट दिशेने

फ्रान्समध्ये सायकलने फिरायचे ठरवले की बहुतेक जण ल्वार नदीकाठचे राजवाडे, प्रोव्हान्समधली लॅव्हेंडरची शेते किंवा आल्प्सचे घाट निवडतात आणि त्या निवडीत वावगे काहीच नाही. पॅरिसच्या उपनगरात राहणारी माझी मावसबहीण आणि मी, आम्ही दोघींनी मात्र बर्गंडीतल्या ओसेर शहरापासून दक्षिणेकडे निघायचे ठरवले. यॉन नदी आणि तिच्या शेजारून जाणारा निव्हेर्ने कालवा यांच्या काठाने, प्रवाहाच्या उलट, थेट मोर्व्हांच्या डोंगरांपर्यंत जायचा आमचा बेत होता. हा मार्ग निवडण्याचे कारण एकच होते. पॅरिस शहर तीन शतकांहून अधिक काळ ज्या लाकडावर शेकले आणि शिजले, त्यातले पुष्कळसे याच पाण्यावरून वाहत आलेले होते. ते जिथून निघाले तिथपर्यंत स्वतःच्या पायांनी जाऊन पाहावे, असे ताईच्या मनात कित्येक वर्षे होते आणि तिने ते बोलून दाखवल्यावर मला दुसरा कुठलाच मार्ग नको झाला.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून ओसेरकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीत सायकल डब्यातच ठेवता येते. ओसेर हे नदीवर उतरत आलेले देखणे शहर आहे. सें-जेर्में मठ आणि सेंत-एत्येन कॅथेड्रल यांची शिखरे पुलावरून एकाच नजरेत मावतात. परंतु सायकलस्वाराच्या दृष्टीने खरी सुरुवात पुलाखाली होते, कारण तिथूनच कालव्याकाठची वाट लागते. ओसेरपासून दसीझजवळ ल्वारला मिळेपर्यंत या कालव्याची लांबी सुमारे 174 किलोमीटर आहे. 1784 साली त्याचे काम सुरू झाले, मध्येच राज्यक्रांती झाली, पैसा आटला, आणि पूर्ण व्हायला 1840 चे दशक उजाडले. आपण ज्या वाटेवरून सायकल चालवतो ती मुळात नावा ओढण्यासाठी केलेली वाट आहे. त्या घोडे ओढत, आणि घोडा परवडत नसेल तर माणसे खांद्यावर पट्टा घेऊन ओढत. ओढणाऱ्याला चढ नको असतो, म्हणून ही वाट मैलोन्मैल सपाट राहते आणि तिला चढायचेच असते तेव्हा ती लॉकपाशी चार पावलांत चढून घेते.

लॉक म्हणजे पाण्याची पायरी. अशी एक पायरी नौका कशी चढते ते व्हेंसेलच्या पुढे आम्ही काठावर बसून सावकाश पाहिले. भाड्याची एक पांढरी नौका खालच्या अंगाने दोन दगडी भिंतींमधल्या हौदात शिरली, तशी लॉक सांभाळणाऱ्या बाईंनी मागचे लाकडी दरवाजे बंद केले आणि वरच्या दरवाजातल्या झडपा लोखंडी दांडा फिरवून हळूहळू उघडल्या. घाई केली तर पाणी उसळून नौका भिंतीवर आपटते, म्हणून दांड्याचे प्रत्येक वेढे झाल्यावर त्या थांबून पाण्याकडे पाहत होत्या. भिंतीवरचे ओले, हिरवे दगड एकेक करून पाण्याखाली गेले, नौकेचे छत आमच्या गुडघ्यापर्यंत आले, मग खांद्यापर्यंत, आणि दोन्हीकडची पातळी एक झाल्यावर इतका वेळ लाखो लिटर पाण्याने आवळून धरलेले ते दरवाजे बाईंच्या दोन हातांनी उघडले. त्यांच्या घरापुढे भोपळ्याचे वेल आणि झेंडूची रोपे होती आणि खिडकीत विकायला ठेवलेल्या मधाच्या बाटल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास त्या जेवायला घरात गेल्या तेव्हा पुढची नौका काठाला दोर बांधून मुकाट्याने थांबली.

दुपारची ही सुट्टी सायकलस्वाराला फार लवकर कळते. साडेबारा वाजले की किराणा दुकान, बेकरी, टपाल कार्यालय, सगळ्यांच्या झडपा खाली येतात, आणि पुष्कळ गावांत सोमवारी बेकरी उघडतच नाही. तेव्हा पाव सकाळीच घ्यायचा, चीज आणि टोमॅटो पिशवीत ठेवायचे आणि पाण्यासाठी गावची स्मशानभूमी शोधायची, हा इथल्या सायकलवाल्यांचा जुना रिवाज आहे. थडग्यांवरच्या फुलझाडांना घालण्यासाठी स्मशानाच्या फाटकाशी बहुधा नळ असतो, आणि ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी नसेल तर बाटल्या भरून घ्यायला कोणाची हरकत नसते. अशा नळांपाशी थांबल्यामुळे एक गोष्ट सतत नजरेस पडत गेली. 1914 ते 1918 च्या युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक फ्रान्सच्या जवळजवळ प्रत्येक गावात आहे, आणि जिथे आज रस्त्यावर चार माणसे दिसत नाहीत तिथल्या दगडावरही नावांची लांबलचक यादी असते. एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार नावे एकाखाली एक. या भागाला लोक कौतुकाने ‘शांत’ म्हणतात. ते कौतुक खोटे नाही, पण इतकी शांतता कुठल्याही गावाला जन्मजात मिळालेली नसते, इथून किती माणसे आणि काय काय निघून गेले याचाही हिशेब तिच्यात असतो, असे मला प्रत्येक नळापाशी वाटत राहिले.

पहिल्यांदा दिसते ती इथून गेलेली वाइन. इरांसी आणि कुलांजच्या उतारांवर आज द्राक्षवेलींच्या मधून चेरीची झाडे उभी आहेत आणि जूनमध्ये शेतकरी रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसतात. एकेकाळी ओसेरच्या परिसरात द्राक्षमळे याहून कितीतरी पसरलेले होते आणि त्यांची पिंपे नावांतून पॅरिसला जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळे खाल्ली, त्याच सुमारास रेल्वेने दक्षिणेकडची स्वस्त वाइन पॅरिसला पोचवायला सुरुवात केली, आणि बहुतेक टेकड्या पुन्हा कधी लागवडीखाली आल्या नाहीत. पुढे सोस्वाचे उंच पांढरे कडे नदीत वाकून पाहतात, त्यांवर दोर लावून चढणारी मुले दिसतात. मग शातेल-सांस्वार येते, नदीच्या वळणावर वसलेले. ही सगळी गावे सुंदर आहेत, परंतु आमचे लक्ष क्लामसीकडे लागले होते.

क्लामसी हे लाकडाचे गाव. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसच्या आसपासची अरण्ये तुटून संपत आली होती आणि शहराला सरपण पुरेना. मोर्व्हांच्या डोंगरांत बीच आणि ओकची दाट वने होती, पण तिथून बैलगाडीने लाकूड आणणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा ते पाण्यावर सोडावे ही युक्ती निघाली. 1549 साली ती अमलात आणण्याचे श्रेय परंपरेने जाँ रूव्हे या व्यापाऱ्याला दिले जाते आणि त्याचा दाव्हिद दांजेर या शिल्पकाराने घडवलेला अर्धपुतळा क्लामसीत आहे. हिवाळ्यात डोंगरात झाडे तोडत. ओंडके 1.14 मीटर लांबीचे कापून त्यांच्या टोकांवर मालकाची खूण हातोड्याने ठोकत. मग वरच्या तळ्यांचे बांध ठरलेल्या दिवशी उघडून ओढ्यांना पूर आणत आणि हजारो ओंडके त्या लोंढ्यात मोकळे सोडून देत. काठाकाठाने माणसे, बायका, मुले आकडे लावलेल्या लांब काठ्या घेऊन धावत आणि अडकलेले ओंडके सोडवत. क्लामसीला सगळे लाकूड अडवून बाहेर ओढायचे, खुणेप्रमाणे वेगळे करायचे, वाळवायचे आणि लवचिक डहाळ्यांच्या दोऱ्यांनी बांधून त्यांचे सुमारे 70 मीटर लांबीचे तराफे करायचे, असे काम चाले.

त्या तराफ्यावर उभे राहून तराफेवाला पॅरिसला जाई, सोबतीला बहुधा एखादा पोरगा असे. पाणी चांगले असेल तर दीड आठवडा लागे. पॅरिसला तराफा सोडवून लाकूड विकले जाई, आणि तराफेवाला दोनशेहून अधिक किलोमीटर अंतर पायी चालून परत येई, पुढचा तराफा घेण्यासाठी. कंबरेइतक्या थंड पाण्यात आयुष्य घालवणारी ही माणसे स्वभावाने नमती नव्हती. 1851 च्या डिसेंबरात लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली तेव्हा क्लामसी उठले, आणि तो उठाव मोडून काढल्यावर गावातल्या कित्येकांना अल्जीरिया आणि गयानाला हद्दपार करण्यात आले. पुढे दगडी कोळसा आणि रेल्वे यांनी ते काम केले जे सैन्याला जमले नव्हते. 1870 च्या दशकात तराफे थांबले. मोकळे ओंडके सोडण्याची रीत 1923 पर्यंत रेंगाळली. क्लामसीत आता तराफेवाल्याचाही पुतळा आहे, हातात आकडा घेतलेला, आणि व्यापाऱ्याइतकाच तराफेवालाही गावाने जपला याचे मला फार बरे वाटले.

क्लामसीहून पूर्वेला आडवाट करून आम्ही वेझलेच्या टेकडीवर चढलो. मेरी मॅग्डालेनच्या तिथल्या रोमनेस्क चर्चबद्दल आणि दरवाजावरच्या शिल्पपटाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते सगळे खरे आहे. माझ्या डोक्यात मात्र चढताना वोबाँ होता. चौदाव्या लुईचा हा प्रख्यात दुर्गशिल्पी याच मुलुखात 1633 साली जन्मला. सरहद्दीवरचे किल्ले बांधता बांधता त्याने आपल्या परगण्याकडेही तितक्याच बारकाईने पाहिले, आणि 1696 साली वेझले परगण्याचे वर्णन लिहून ठेवले. त्यात तो सांगतो की इथली सामान्य प्रजा जव आणि ओटची मिसळ केलेली भाकरी खाते, तीही कोंडा न काढता. वाइन क्वचितच पिते, वर्षातून तीनदाही मांस खात नाही आणि मीठ जपून वापरते. मीठ जपून वापरण्याचे कारण त्यावरचा कर. राजाच्या सेनापतीने आपल्याच गावच्या लोकांच्या ताटात डोकावून हे लिहावे, ही मला त्याच्या कुठल्याही किल्ल्याहून मोठी गोष्ट वाटते. चर्चमागच्या गच्चीवरून मोर्व्हांचे निळसर डोंगर दिसतात. त्याच डोंगरांतून लाकूड येत होते आणि तोडणारे हे असे जेवत होते.

परत कालव्यावर येऊन दक्षिणेकडे निघालो की थोड्या वेळाने ब्रेव्ह लागते. इथल्या लहानशा स्मशानभूमीत रोमाँ रोलाँ चिरविश्रांती घेत आहेत. 1866 साली क्लामसीत जन्मलेले आणि 1944 च्या अखेरीस वेझलेत निवर्तलेले रोलाँ 1915 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. आपल्याकडे त्यांची ओळख वेगळी आहे: 1924 साली त्यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे युरोपातल्या असंख्य वाचकांना गांधीजी पहिल्यांदा कळले, आणि पुढे त्यांनी रामकृष्ण परमहंस व विवेकानंद यांचीही चरित्रे लिहिली. 1931 च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये काही दिवस त्यांच्याकडे राहिले होते. रोलाँ स्वतः भारतात कधी आले नाहीत. ज्या गावाने शतकानुशतके पाण्यात उभे राहून शहराची चूल पेटती ठेवली, त्या गावात वाढलेल्या मुलाला चरख्यामागचा विचार समजायला भारत पाहावा लागला नसेल, असे ताई म्हणाली. मला तिचे म्हणणे पटले, आणि पुराव्याविनाही ते पटूनच राहिले आहे.

कॉर्बिनीनंतर जमीन उचलू लागते. सार्दीला तर साडेतीन-चार किलोमीटरांत सोळा लॉक आहेत. एका लॉकचे फाटक मागे टाकावे तोवर दुसऱ्याचे दिसते आणि मांड्यांना प्रत्येक पायरी कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सने मुख्य कालव्यांचे लॉक मोठ्या नावांसाठी 38.5 मीटरपर्यंत वाढवले, परंतु निव्हेर्नेचा हा मधला भाग तसाच अरुंद राहिला. मोठ्या नावा आल्या नाहीत, व्यापार आटला, आणि नंतर सहलीच्या नौका येऊ लागल्या म्हणून कालवा बुजवण्यापासून वाचला. माथ्यावर ला कोलांसेलजवळ तो तीन बोगद्यांतून जातो, त्यांतला सर्वांत लांब 758 मीटरचा. सायकलला आत वाट नाही. आपण वरच्या रानातून जायचे. बोगद्याकडे नेणारे खोल दगडी चर वरून पाहिले तर भिंतींवर नेचे आणि शेवाळे इतके माजलेले दिसते की ती पहारीने खोदलेली भिंत आहे हे मुद्दाम आठवावे लागते.

या माथ्यावर पाणी येते कुठून, हा प्रश्न कालवा बांधणाऱ्यांपुढे होता आणि त्याचे उत्तर सायकलस्वारासाठी या प्रवासातली सर्वांत रमणीय वाट ठरले आहे. डोंगरात यॉनचे पाणी अडवून सुमारे 25 किलोमीटरच्या पाटाने ते इथल्या तळ्यापर्यंत आणले आहे. पाट डोंगराच्या कडेकडेने, जेमतेम उतार राखत येतो आणि त्याच्या बाजूने अरुंद पायवाट आहे. मोंत्रय्योंला तो दरी ओलांडतो, सुमारे 33 मीटर उंचीच्या दगडी कमानींवरून. मऊ मातीची वाट, एका हाताला वाहते पाणी, दुसऱ्या हाताला हेझलची झुडपे आणि खाली कुरणात पांढरीशुभ्र शारोले गुरे, असे तासन्‌तास चालते. या पाटाच्या मुळाशी पानसिएरचे धरण आहे, 1949 साली पुरे झालेले. त्याचे मुख्य काम इथल्या शेतांना पाणी देण्याचे नाही. सेनच्या खोऱ्यात पावसाळी पाणी धरून ठेवून पॅरिसला पुरापासून वाचवायचे आणि उन्हाळ्यात नदीची पातळी राखायची, यासाठी बांधलेल्या चार मोठ्या जलाशयांपैकी ते एक आहे. लाकूड थांबले तरी पाण्याचा हिशेब अजून पॅरिसच्याच वहीत मांडला जातो.

इथून पुढे कालवा सोडून खऱ्या चढांना लागावे लागते. बहुतेक सायकलस्वार ल्वारकडे उतरून जातात, तिकडे युरोव्हेलो 6 हा मोठा मार्ग मिळतो. परंतु लाकडाचा माग काढायचा तर पूर्वेकडे सेत्तोंच्या तळ्याकडे जायला हवे. ग्रॅनाइटचा तिथला बंधारा 1850 च्या दशकात बांधला तो ओंडके वाहून न्यायला पुरेसे पाणी सोडता यावे म्हणूनच. आज तिथे शिडाच्या होड्या फिरतात. आजूबाजूच्या टेकड्यांवर जुन्या बीचच्या जागी दुसऱ्या महायुद्धानंतर डग्लस फरची लागवड झाली. एकाच वयाची काळसर झाडे रांगेने उभी असतात आणि मध्येच एखादा अख्खा उतार बोडका केलेला असतो. लाकडाचे ट्रक डांबरी रस्त्यावरून येतात तेव्हा सायकल गवतात घेऊन उभे राहणे शहाणपणाचे. नाताळची झाडे पिकवण्यातही मोर्व्हां फ्रान्समध्ये अग्रेसर आहे. संपूर्ण उतार एकदम तोडण्याला इथल्या लोकांचा विरोध आहे आणि तो मला सर्वस्वी रास्त वाटतो.

तळ्याजवळचे मोंसोश हे गाव 1944 च्या जूनमध्ये जर्मन सैन्याने जाळले, म्हणून घरे बहुतेक नंतरची आहेत. त्याच्याही आधी, 1860 च्या दशकात, इथे मोनो नावाचे डॉक्टर होते. या डोंगरातून लाकडाखेरीज आणखी काय पॅरिसला जात होते ते त्यांनी 1867 साली लिहून प्रसिद्ध केले. मोर्व्हांच्या बाळंतिणी पॅरिसच्या सधन घरांत दूध पाजणाऱ्या दाई म्हणून जात, स्वतःचे तान्हे बाळ गावी सासूच्या किंवा शेजारणीच्या हवाली करून. त्या बाळांना आईचे दूध मिळत नसे आणि ती मोठ्या संख्येने दगावत. डॉक्टरांनी ते मोजले. पर-घरी दुधावर ठेवलेल्या मुलांच्या रक्षणाचा कायदा 1874 साली झाला, त्यामागे अशा नोंदींचा मोठा आधार होता. दाईच्या पगारातून बांधलेल्या नीटस, कौलारू घरांना या भागात दुधाची घरे म्हणतात, आणि ती रस्त्याकडेला अजून दिसतात. माझे आजोळ कोकणात आहे. तिथली घरे गिरणीतल्या मनिऑर्डरींवर उभी राहिली हे मी लहानपणापासून ऐकले आहे, त्यामुळे अशा घराची किंमत कुठे चुकवली जाते हे मला समजावून घ्यावे लागले नाही.

आलिन्यी-आं-मोर्व्हां या गावात या दायांचे आणि त्यांच्याबरोबर उलट दिशेने आलेल्या मुलांचे संग्रहालय आहे. पॅरिसमध्ये टाकून दिलेली, अनाथ झालेली किंवा गरिबीपायी सरकारी आश्रयाला दिलेली हजारो मुले सांभाळण्यासाठी मोर्व्हांच्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवली जात. कुटुंबाला दरमहा रक्कम मिळे आणि मोठे झाल्यावर मुलगा शेतावर राबे. लहान मुलांच्या गळ्यात क्रमांक असलेली धातूची चकती आणि मण्यांची माळ असे, जी त्यांना स्वतःला काढता येत नसे. गावकरी त्यांना ‘छोटे पॅरिस’ म्हणत. लेखक जाँ जने याच गावात असाच वाढला. काही घरांनी या मुलांना गुरांइतकेच राबवले आणि काहींनी पोटच्या मुलासारखे वाढवले. संग्रहालय दोन्ही सांगते, कशावरही पांघरूण घालत नाही, आणि म्हणून मी म्हणेन की कालव्याची सपाट वाट सोडून इथवर चढण्याचे श्रम कोणीही घ्यावेत.

तिथे काम करणाऱ्या बाईंना ताईने विचारले की, मोठी झाल्यावर ही मुले पॅरिसला परत गेली का. बरीचशी गेली नाहीत, त्या म्हणाल्या. इथेच लग्ने केली, शेते घेतली, आणि ज्या वाड्यांतली माणसे शहरात निघून गेली होती तिथे याच मुलांनी गोठे चालू ठेवले. मोर्व्हांत असे पणजोबा किंवा पणजी नसलेले कुटुंब शोधावे लागेल. त्यांच्या स्वतःच्या घरातही होते का, हे आम्ही विचारले नाही. ते त्यांनी आपणहून सांगितले, आणि आजीचा क्रमांकही.